दाढ भरली आणि कानशील धरलं

आईची खालची उजवी दाढ भरून तीन दिवस झाले होते आणि ती कानशिलाला बाम चोळत बसली होती. दाढ दुखतेय का विचारलं की म्हणायची, "दाढेचं काही नाही रे, दाढ बरी आहे. डोकंच धरलंय." सकाळी उठल्यापासून उजवं कानशील जड, जेवण झालं की ठणका वाढलेला, रात्री गोळी घेऊन झोप. उन्हाचं असेल, पित्ताचं असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे घरातल्या सगळ्यांचे तर्क करून झाले. दाढेवर कुणाचाच संशय गेला नाही, कारण दाढ गप्प होती.

नवव्या दिवशी जेवताना ती सहज बोलून गेली, "या बाजूला आधी हीच दाढ टेकते." तिला पुन्हा दाताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली, दाढ पुसून कोरडी केली, चिमट्यात निळ्या कागदाची पट्टी धरली आणि म्हणाले, "चावा काकू. आता तसेच दात घासा, डावीकडे, उजवीकडे." बाकीच्या दाढांवर पुसट निळे ठिपके उमटले. नव्या पांढऱ्या फिलिंगवर मात्र तिळाएवढा ठसा होता, कडेला गडद निळा आणि मधे पांढुरका. दाब जास्त असला की मधला रंग बाजूला सरकतो आणि अशी कडी उरते. डॉक्टरांनी त्या ठशावर मशीन दोनदा टेकवलं, पुन्हा कागद धरला, पुन्हा चावायला लावलं. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या संध्याकाळी कानशील हलकं झालं आणि चार दिवसांत बामची बाटली कपाटात गेली.

त्या नऊ दिवसांमुळे मी या प्रश्नाच्या मागे लागलो. दात भरल्यावर डोकं दुखलं, ही तक्रार घरोघर ऐकू येते आणि तिच्यावर दोनच उत्तरं मिळतात. एक, "होतं असं, जाईल." दुसरं, "नस दुखावली असणार, रूट कॅनाल करून टाका." बहुतेकांची गोष्ट या दोन उत्तरांच्या मधे कुठेतरी असते.

आधी हे पाहू, की खालच्या दाढेतली भानगड कानशिलात का बोलते. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्ह, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. तिला तीन फांद्या. एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचे दात आणि गालाच्या हाडातल्या सायनसकडे, तिसरी खालचे दात, जबडा आणि कानशिलाच्या काही भागाकडे. चावण्याचे स्नायू हलवण्याचं कामही या तिसऱ्या फांदीचंच. मेंदूवरच्या आवरणाचा मोठा भागसुद्धा याच नसेच्या हद्दीत येतो, आणि अर्धशिशीचा ठणका याच वाटेने जातो. हे सगळे निरोप मेंदूच्या बुडाशी आणि मानेच्या वरच्या भागात असलेल्या एकाच केंद्रात पोचतात. मानेच्या वरच्या तीन नसाही तिथेच येऊन मिळतात. एका खोलीत दात, कानशील, डोळ्यामागची जागा आणि मान अशा सगळ्यांचे फोन एकदम वाजत असतील, तर नेमका कुणाचा वाजतोय हे चुकणारच. वैद्यकात याला परावर्तित वेदना म्हणतात.

ही चूक दोन्ही दिशांनी होते. दाढ दुखते आणि कान ठणकतो, हे आपल्याकडे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. त्याच्या उलटही घडतं. कानशिलावरचा पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस स्नायू आखडला, तर वरचे निरोगी दात दुखू लागतात. वरची दाढ की खालची हेही पुष्कळांना सांगता येत नाही. पण एक मर्यादा ही वेदना सहसा ओलांडत नाही. उजव्या दाढेचं दुखणं डावीकडे जात नाही. उजवी दाढ भरल्यावर डावं कानशील धरलं, किंवा सगळं डोकं पट्टा आवळल्यासारखं झालं, तर दाढेला दोष देण्याआधी थांबावं.

"वरची दाढ काढली की डोळ्यावर परिणाम होतो" ही आपल्याकडची पक्की समजूतही इथूनच आली असावी, असं मला वाटतं. वरच्या दाढेचा ठणका डोळ्याभोवती जाणवतो हे खरं आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते सोसलंय. पण दृष्टीची नस वेगळी, तिचा दातांशी संबंध नाही. या भीतीने किडलेली दाढ तशीच ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

आता आईच्या तिळाएवढ्या ठशाकडे परत येऊ. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हाड आणि मूळ यांच्या मधे सुमारे पाव मिलिमीटर जाडीची तंतूंची गादी असते आणि त्या गादीत दाब ओळखणारी टोकं असतात. वरखालच्या दातांमधे वीस मायक्रॉनइतकी पातळ पट्टी आली तरी ती ओळखली जाते. डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. भातातला बारीक खडा आपल्याला लगेच कळतो तो यामुळेच. फिलिंग तेवढंसं जरी उंच राहिलं, तरी तोंड मिटताना पहिला टेका तिथे बसतो. घास चावताना, थुंकी गिळताना, झोपेत दात आवळताना तीच दाढ आधी मार खाते. गादी सुजते आणि जबडा तो टेका चुकवायला वाकडी वाट काढतो. त्यासाठी गालाचा आणि कानशिलाचा स्नायू दिवसभर वेगळ्या ताणात राहतो. आईला जेवणानंतर ठणका वाढायचा, त्याचं कारण हेच.

उंच राहिलं हे तिथल्या तिथे का कळत नाही? कारण त्या वेळी जबडा बधिर असतो. खालच्या दाढेसाठी दिलेलं इंजेक्शन ओठ आणि जीभ दोन-चार तास बधिर ठेवतं. "बरोबर बसतंय का?" या प्रश्नाला रुग्ण अंदाजाने मान हलवतो. शिवाय आडवं झोपल्यावर खालचा जबडा किंचित मागे जातो, त्यामुळे झोपून चावलेला चावा आणि बसून चावलेला चावा एकच नसतो. आणि एक गोष्ट माणसाच्या स्वभावातली. तासभर तोंड उघडून बसल्यावर माणसाला फक्त घरी जायचं असतं. डॉक्टरांनी विचारलं की तो "ठीक आहे" म्हणतो. आपल्याकडे डॉक्टरांना पुन्हा त्रास द्यायचा संकोचही असतो. आईच्या नऊ दिवसांत हा संकोचही होता.

मात्र फिलिंग उंच राहिलं की डोकं दुखणारच, असं नाही. निरोगी माणसांच्या दाढेवर मुद्दाम बारीक उंचवटा चिकटवून पाहण्याचे प्रयोग झालेत. त्यांतले बहुतेक जण काही दिवसांत जुळवून घेतात. ज्यांना आधीपासून जबड्याच्या सांध्याचा त्रास होता, त्यांना तोच उंचवटा जास्त छळतो. झोपेत दात खाणाऱ्यांचं आणि ताणात दात आवळून बसणाऱ्यांचंही तसंच. म्हणजे फिलिंग हे पुष्कळदा एकटं कारण नसतं, आधीच भरलेल्या घड्यात पडलेला तो शेवटचा थेंब असतो.

फिलिंग अगदी सपाट बसलेलं असूनही कानशील धरू शकतं. मागच्या दाढेचं काम पाऊण-एक तास चालतं, आणि तेवढा वेळ तोंड आ वासून ठेवणं हे जबड्याला रोजचं काम नाही. दुसऱ्या दिवशी गाल आणि कानशील दुखतं, जांभई देताना कानापुढे कळ येते, मान आखडते. बऱ्याच दिवसांनी डोंगर चढल्यावर पोटऱ्या भरून येतात, त्यातलाच हा प्रकार. कोमट शेक, मऊ खाणं, दोन दिवस सुपारी, चिंगम आणि कडक भाकरीला सुट्टी, एवढ्यावर तो ओसरतो. खालच्या इंजेक्शनची सुई जबड्याच्या आतल्या स्नायूतून गेली, तर काही दिवस तोंड पुरतं उघडत नाही. तेही हळूहळू सैल होतं, पण तोंड रोज थोडं कमीच उघडत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता खुद्द दाताकडे. पूर्वी आपल्याकडे "दाढेत चांदी भरली" किंवा "सिमेंट भरलं" म्हणायचे, आता बहुतेक ठिकाणी दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतात. ते निळ्या प्रकाशाने कडक होतं आणि कडक होताना दोन-तीन टक्क्यांनी आकसतं, म्हणूनच चांगला डॉक्टर ते दोन मिलिमीटरच्या आतल्या थरांनी भरतो. कडेला बारीकशी फट राहिली, तर एनॅमलखालच्या डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात. चौरस मिलिमीटरला हजारोंनी असलेल्या या नळ्यांमधे द्रव असतो. थंड पाणी लागलं किंवा चावताना दाब आला की तो द्रव सरकतो आणि आतली नस चमकते. स्वीडनच्या ब्रान्स्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही धरून चालतात. भरलेली दाढ काही दिवस शिवशिवते ती अशी. रोज थोडी कमी होत गेली तर दोन-चार आठवड्यांत विसरायला होतं.

कीड खोल असेल तर प्रश्न वेगळा. दाताचा गर, म्हणजे नस असलेला आतला मऊ भाग, हाडासारख्या कडक पेटीत बंद असतो, त्याला सुजायला जागा नसते. थंड लागलं की सणक येते आणि क्षणात जाते, तेव्हा गर दुखावलेला असला तरी सावरू शकतो. पण कळ अर्धा मिनिट रेंगाळते, गरम चहाने उसळते, रात्री आडवं झाल्यावर ठणका झोपू देत नाही, आणि गार पाण्याची गुळणी तोंडात धरली तरच बरं वाटतं, अशी लक्षणं असतील तर गर सावरायच्या पलीकडे गेलेला असतो. मग बहुधा रूट कॅनाल करावं लागतं, आणि तेव्हा अर्धं डोकं धरलं तर नवल नाही. एरवी नुसतं डोकं दुखतंय म्हणून, दाढेची नीट तपासणी न करता, रूट कॅनाल करून घेऊ नये. एक्स-रेमधे गराची सूज पहिल्या दिवसांत दिसत नाही. खरी माहिती थंडाची कसोटी, दाढेवर टकटक आणि चाव्याचा कागद यांतून मिळते. चावताना नव्हे तर दात सोडताना कळ येत असेल तर दाढेत भेग असण्याची शंका घ्यावी. आणि सगळं करून उलगडा होत नसेल, तर डॉक्टर संशयित दाढ बधिर करून पाहतात. दाढ बधिर झाली आणि तरी कानशील ठणकतच राहिलं, तर दुखण्याचा मूळ पत्ता बहुधा दुसरा आहे.

दुसरे पत्ते पुष्कळ आहेत. बंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन 2,329 प्रौढांची पाहणी झाली होती. वर्षभरात कधीतरी डोकेदुखी झालेले त्यांत सुमारे 64 टक्के निघाले, आणि अर्धशिशीवाले सुमारे 25 टक्के. किडलेले दात तर जगात सुमारे दोनशे कोटी लोकांना आहेत. इतक्या सर्रास दोन गोष्टी एकाच आठवड्यात एकाच माणसाला गाठणार, हे ओघानं आलं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची 2018 मधली तिसरी आवृत्ती दातामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा देते. पण दातांच्या विकारांनी सहसा दातदुखी किंवा चेहरेदुखीच होते, डोकेदुखी क्वचित, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

अर्धशिशीच्या माणसासाठी दाताची खुर्ची म्हणजे सगळे शत्रू एका जागी. डोळ्यांवर दिवा, कानाशी मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या, दात कोरायच्या एअरोटरची किंकाळी, मागे कललेली मान, आदल्या रात्रीची अपुरी झोप. त्यात आपल्याकडे "इंजेक्शन आहे" म्हणून उपाशी जायची सवय. साध्या बधिर करण्याच्या इंजेक्शनला उपाशी राहायची गरज नसते, उलट पोटात काही नसलं आणि सकाळचा चहाही बुडाला की डोकं धरतंच. इंजेक्शनच्या औषधात बहुधा ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, भारतात सर्रास 1:80,000 या प्रमाणात. त्याने काही मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात, कुणाचं डोकंही ठणकतं. हे तासाभरात निवतं. तिसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं खापर त्या इंजेक्शनवर फोडता येत नाही.

सायनसचं थोडक्यात. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाशी अगदी चिकटून असतात. दाढेची लागण वर गेली, तर एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो, गाल जड होतो, वाकलं की कपाळ फुटल्यासारखं वाटतं. इथे कान-नाक-घसा आणि दाताचा, दोन्ही डॉक्टरांनी मिळून पाहायला हवं. चांदीतल्या पाऱ्याबद्दलही लोक विचारतात. त्या मिश्रणात साधारण निम्मा पारा असतो हे खरं. मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्या 2006 मधे प्रसिद्ध झाल्या, त्यांत चांदी भरलेल्या आणि न भरलेल्या मुलांच्या मेंदूच्या कामात फरक आढळला नाही. पाऱ्याचा वापर कमी होतोय तो मुख्यतः पर्यावरणासाठी. डोकं दुखतं म्हणून चांगली बसलेली जुनी चांदी उकरून काढण्यात अर्थ नाही.

एका आजाराबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या मावशीने त्यापायी दोन दाढा गमावल्या. दात घासताना, तोंड धुताना, नुसता वारा लागला तरी तिच्या उजव्या गालात विजेचा झटका बसल्यासारखी कळ यायची. काही सेकंद, मग काही नाही, मग पुन्हा. एक दाढ भरली, कळ थांबली नाही. तीच दाढ काढली, तरी थांबली नाही. शेजारची काढली. मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे ती पोचली तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे निदान त्यांनी नुसतं तिचं बोलणं ऐकून केलं. नंतर एमआरआय झाला, कार्बामाझेपिन सुरू झालं आणि आठवड्याभरात ती नीट जेवू लागली. हा आजार बहुधा पन्नाशीनंतर होतो, बायकांमधे जास्त. कळ दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, ती गालाला किंवा ओठाला हलका स्पर्श झाला तरी उसळते आणि रात्रीच्या झोपेत फारशी येत नाही. गर सुजल्याचा ठणका नेमका याच्या उलट, तासन्‌तास चालणारा आणि रात्री जागवणारा. हा एवढा फरक कुणी वेळेवर विचारला असता तर मावशीच्या दाढा आज जागेवर असत्या.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना "डोकं दुखतंय" एवढंच सांगून थांबू नये. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, किती वेळ टिकतं, रात्री जागवतं का, चावताना ती दाढ आधी टेकते का, हे चिठ्ठीवर लिहून न्यावं. पहिल्या दिवशीचा ठणका इंजेक्शन, उपास आणि ताणाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा स्नायूंचा किंवा उंच चाव्याचा. दिवसागणिक वाढत जाणारा असेल तर गराचा किंवा लागणीचा. हा ढोबळ हिशेब आहे, पण डॉक्टरांचं अर्धं काम त्याने सोपं होतं. आणि फिलिंग उंच वाटत असेल तर "आपोआप घासून बसेल" म्हणून महिना काढू नये. कॉम्पोझिट इतक्या सहज झिजत नाही, तोवर दाढेची गादी आणि कानशील दोन्ही सोसत राहतात.

काही वेळा मात्र चिठ्ठी लिहीत बसायचं नाही. ताप, गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडतोय, असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठावं. एकाएकी आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी, मान ताठ, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, यांचा दाढेशी संबंध जोडत बसू नये. पन्नाशीपुढच्या माणसाचं कानशील दुखतं, चावताना जबडा थकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्यात नजर जाण्याचा धोका असतो आणि तासांचा हिशेब असतो. जिना चढताना जबड्यात येणारी आणि थांबलं की जाणारी कळ हृदयाची असू शकते.

गोळ्यांचं सांगायचं तर, पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. पण सर्दीच्या गोळीतही तेच असतं, म्हणून दिवसाची बेरीज करावी. निरोगी प्रौढाने चार ग्रॅमची हद्द ओलांडू नये, यकृताचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आयब्युप्रोफेन उपाशीपोटी नको, आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना ताप आला असेल तर मुळीच नको. आणि डोकेदुखीसाठी महिन्यात पंधरा दिवस साधी वेदनाशामक गोळी, मिश्र गोळी असेल तर दहा दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. आईने त्या नऊ दिवसांत अकरा गोळ्या घेतल्या होत्या. रिकाम्या पट्ट्या मी नंतर तिच्या उशाखाली मोजल्या.